आम्ही नव्हे, उजू मी

आमच्या घराच्या पूर्वेकडच्या खिडकीला आतून ॲल्युमिनियमचा चंदेरी कागद चिकटवलेला होता — डब्यातल्या पोळ्या गुंडाळतात ना, तोच — आणि त्या कागदाला एका ठिकाणी टाचणीच्या टोकाएवढं भोक पडलं होतं. पहाटे, कंपाउंडच्या भिंतीपलीकडचं धुळकट आभाळ आधी राखाडी आणि मग पेरूच्या गरासारखं गुलाबी होऊ लागलं की त्या भोकातून एक बारीक किरण आत शिरायचा, समोरच्या भिंतीवर बोराएवढा ठिपका पाडायचा, आणि तो ठिपका सावकाश खाली उतरत कपाटावर, कपाटावरून आईच्या पांघरुणावर, पांघरुणावरून तिच्या हिरव्या बांगड्यांवर येऊन थांबायचा. कतारच्या उन्हाळ्यात सूर्य घरात घ्यायचा नसतो, तो दाराबाहेरच बरा. पण हा एवढासा, चोरून आत आलेला सूर्य आईला चालायचा. तो हातावर आला की ती उठायची आणि मला गदागदा हलवून म्हणायची, "उजूबाई, उजाडलं! उठा आता, बस येईल."

उजूबाई म्हणजे मी. खरं नाव केतकी. हे दुसरं नाव मला कसं चिकटलं ते सांगायचं तर आधी शेजारच्या हारुकाकूंबद्दल सांगायला हवं.

अल दुहैलला आम्ही राहत होतो त्या कंपाउंडमध्ये वीस-बावीस एकसारखी, वाळूच्या रंगाची घरं होती. बाबा उत्तरेकडच्या गॅसच्या प्लांटमध्ये बारा-बारा तासांच्या शिफ्ट करायचे. रात्रपाळी असली की पहाटे कंपनीच्या बसमधून उतरायचे तेव्हा त्यांच्या कव्हरॉलला ऑइलचा, घामाचा आणि तापलेल्या धुळीचा असा एक मिसळलेला वास यायचा, आणि तो वास दारातून आत आला की मला सुरक्षित वाटायचं. (केवढी ही भाबडी! पण वाटायचं खरं.) हारुकाकूंचे यजमान त्याच प्लांटवर होते. हारुकाकू जपानी. खरं नाव हारुको; काकू आम्ही जोडलं. मूलबाळ नव्हतं, आणि आमच्या आईचं इंग्रजी 'यस', 'नो' आणि 'कम, ईट' याच्या पलीकडे जात नसे. त्यांचंही फारसं बरं नव्हतं. तरी त्या दोघी मधल्या कमरेएवढ्या भिंतीवर कोपरं टेकून तासन्‌तास काय बोलायच्या देव जाणे. एकदा हारुकाकूंनी वाडग्यातून त्यांचं ते सोयाबीनचं आंबवलेलं सूप आणून दिलं, तर आईनं वास घेतला, डोळे मिटले आणि जाहीर केलं, "हे आपल्या कुळथाच्या पिठल्याचं चुलत भावंड आहे." मग वाडगा रिकामा परत कसा पाठवायचा म्हणून त्यात शेंगदाण्याचे लाडू गेले. असा तो वाडगा वर्षभर भिंतीवरून येत-जात राहिला.

हारुकाकू रोज उजाडताना त्यांच्या पायरीवर उभ्या राहायच्या, पूर्वेकडे तोंड करून दोनदा वाकायच्या, मग दोन टाळ्या वाजवायच्या — टप्, टप् — आणि पुन्हा एकदा वाकायच्या. मी शाळेच्या बसची वाट बघत तिथेच दप्तर घेऊन उभी असायची. एक दिवस राहवलं नाही. म्हटलं, कुणाला बोलावता? तर त्या पायरीवर बसल्या, माझ्याच वहीच्या मागच्या पानावर माझ्याच पेन्सिलीनं चित्रं काढत काढत त्यांनी मला गोष्ट सांगितली. सूर्यदेवी आपल्या भावाच्या दांडगाईला विटून एका गुहेत जाऊन बसली, तोंडाशी शिळा लावून घेतली, आणि सगळीकडे अंधार झाला. देव बाहेर जमले. विनवण्या झाल्या, काही उपयोग नाही. तेव्हा त्यांच्यातली एक जण पुढे आली, तिनं एक टब उपडा घातला, त्यावर चढली, पाय आपटत, अंगविक्षेप करत असा काही वेडाविद्रा नाच केला की सगळे देव पोट धरधरून हसायला लागले. आत सूर्यदेवीला नवल वाटलं — मी नाही, आणि हे हसतात कसे? तिनं शिळा जराशी सरकवून बघितलं... आणि उजाडलं. "आकाशातली. पहाटेची," हारुकाकू नाचणारीच्या चित्रावर बोट ठेवून म्हणाल्या, आणि मग हळू, एकेक अक्षर सोडवत, तिचं नाव: "अमे-नो-उझुमे."

मी ते नाव घोकत घरी आले आणि आईला सांगितलं. आई पोळ्या लाटत होती. लाटणं तसंच धरून ती हसायला लागली ती थांबेचना. "काय म्हणाली? आम्ही नव्हे, उजू मी? अगं, ही तर आपलीच आहे! उजाडते म्हणून उजू. आणि टबावर नाचते म्हणजे मंगळागौरीतलीच की कुणीतरी." आमच्या आईचं हसू असं होतं की शेजारच्या घरातला माणूसही कारण न कळता हसायचा. त्या दिवसापासून मी उजूबाई झाले, आणि आमच्या घरात एक नवाच रिवाज सुरू झाला. दूध कुणी सांडलं? "आम्ही नव्हे, उजू मी!" लाइट कुणी चालू ठेवला? "आम्ही नव्हे, उजू मी!" कबुलीही व्हायची आणि शिक्षाही टळायची. बाबासुद्धा म्हणायचे. बाबांना ते फारच आवडायचं.

बाबांबद्दल वाईट बोलायचं माझ्या जिवावर येतं, पण बोलते. बाबा मऊ होते. आवाज चढवायचा नाही, कुणाला दुखवायचं नाही, आणि म्हणून कुठलीही गोष्ट वेळेवर सांगायची नाही. "बघू", "वेळ बघून बोलू", "तसं अर्जंट नाही". इथे आल्यावर त्यांना आणखी एक शब्द सापडला, इन्शाल्ला. ज्यांचा तो शब्द आहे त्यांच्या तोंडी त्यात श्रद्धा असते. बाबांच्या तोंडी त्याचा अर्थ एवढाच की आज नाही.

त्या वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही भारतात गेलो नाही, कारण इकाम्याच्या, म्हणजे इथे राहायच्या परवान्याच्या, नूतनीकरणासाठी आमचे पासपोर्ट बाबांच्या ऑफिसात गेले होते आणि तिथेच अडकले होते. आई खट्टू झाली होती. संगमनेरला तिचे वडील होते, अप्पा. घड्याळदुरुस्तीचं छोटंसं दुकान, डोळ्याला भिंग, आणि मी गेले की एक बंद पडलेलं घड्याळ मला खोलायला द्यायचे. पण आई खट्टू फार वेळ राहणाऱ्यांतली नव्हती. श्रावण आला, आणि इथल्या मराठी मंडळाच्या मंगळागौरीची सगळी सूत्रं तिच्या हातात आली. मंगळागौर अर्थातच शुक्रवारी! इथे सुट्टी शुक्रवारी म्हणून गौरीनंच वार बदलून घेतला होता. रोज दुपारी सात-आठ बायका गाड्यांमधून यायच्या, फर्निचर भिंतीला लावलं जायचं, आणि झिम्मा, पिंगा, फुगड्या. नाशिकहून आणलेलं एकुलतं एक खरं सूप आमच्याकडे होतं. ते नाचवण्याचा मान आईचा.

मंगळागौरीच्या त्या आठवड्यात मंगळवारी आई सरावासाठी दुसऱ्या एका बाईंकडे गेली होती. बाबा रात्रपाळी करून झोपले होते. फोन वाजला तो मी घेतला. मामा होता, आईचा धाकटा भाऊ. "कोण, केतू? अप्पा गेले गं..." एवढं तो बोलून गेला, आणि मग त्याला कळलं असावं की आपण कुणाशी बोलतोय. "बाबांना दे, बाळा." मी बाबांना उठवलं. ते पाठमोरे उभे राहून बराच वेळ "हो, हो, मी सांगतो तिला, मी बघतो" असं म्हणत होते. मग मंदूबला, म्हणजे ऑफिसचा सरकारी कामं करणारा माणूस असतो त्याला, फोन. पासपोर्ट आज मिळेल का? तिकडून काय आलं असेल ते बाबांच्या चेहऱ्यावरून कळलं: बुकरा. उद्या. इन्शाल्ला.

बाबा माझ्यासमोर खाली बसले. माझे दोन्ही हात हातात घेतले. "आईला आत्ता सांगितलं तर तिला जाता तर येणार नाही, नुसती इथे बसून तडफडेल. पासपोर्ट सुटला की लगेच सांगू. तोवर तू काही बोलायचं नाहीस. शहाणी आहेस ना?"

मी नऊ वर्षांची होते. मला शहाणं व्हायची फार हौस होती. मी बाथरूममध्ये गेले, नळ सोडला, आणि नळ चालू आहे तोवर रडून घेतलं. मग तोंड धुतलं. संध्याकाळी आई आली, तिच्या केसांत अबोलीचा नकली गजरा होता, तिनं विचारलं, "डोळे का लाल?" मी म्हटलं, पूलमधलं क्लोरीन. एवढ्या सफाईनं खोटं मी आधी कधी बोलले नव्हते.

बुधवार. गुरुवार. पासपोर्ट उद्या, उद्या. आणि मग शुक्रवार.

मंडळाच्या हॉलमध्ये हिरव्यागार नऊवाऱ्या, चांदीच्या जोडव्यांचे आवाज, उदबत्ती, पेढे, परफ्यूम आणि एसीचा गारठा असं सगळं एकात एक झालं होतं. त्या दिवशीची आई मला अजून तशीच्या तशी दिसते — कासोटा घट्ट खोचलेला, कपाळावर घामाचे थेंब, नथ हलतेय, सूप डोक्यावरून पाठीमागे, पाठीमागून पायाखालून असं काही फिरवतेय की बायका ओरडत होत्या, "आणखी! आणखी!" मागच्या खुर्च्यांवर नवरे मंडळी बसली होती. त्यांच्यात बाबा होते. बाबा टाळ्या वाजवत होते. मग काय करायला हवं होतं त्यांनी, असं मी स्वतःला कितीदा विचारलंय. इतर सगळे वाजवत असताना एकट्यानं हात मांडीवर ठेवून बसायचं? हो. निदान तेवढं तरी. मध्येच आई धावत आली, मला ओढून रिंगणात नेलं आणि माझ्याशी फुगडी घातली. गरगर गरगर... ती हसत हसत ओरडत होती, "वर बघ गं! खाली बघितलंस तर चक्कर येईल!" मी खालीच बघत राहिले.

शनिवारी सकाळी बाबांनी सांगितलं. पासपोर्ट सुटला नव्हताच. पण मामानं निकराचा फोन केला होता की आता तुम्ही सांगत नसाल तर मी सांगतो. आई जेवणाच्या टेबलाशी उभी होती, मी तिच्या शेजारी. तिनं विचारलं, "कधी?" बाबा म्हणाले, मंगळवारी. आईनं बोटं मोजली. मंगळ, बुध, गुरू, शुक्र. शुक्रवारच्या बोटावर अंगठा ठेवून ती म्हणाली, "माझे वडील गेले होते आणि मी सूप नाचवलं. सुतकात पूजेला बसले मी."

आणि बाबा, आमचे मऊ, सज्जन बाबा, म्हणाले, "सुतक कळल्यापासून लागतं. तुला कुठे माहीत होतं? त्यात दोष नाही काही."

आई आत गेली आणि दार लावून घेतलं.

पाच दिवस. दाराशी ठेवलेलं ताट कधी अर्धं परत यायचं, कधी तसंच. आतून आवाज नाही, रडणं नाही. शाळा सुरू झाली. माझी मी उठायची, वेणी बाबा घालायचे, वाकडी. त्यांनी ही गोष्ट बाहेर कुणालाच सांगितली नव्हती, लाज वाटत असावी. मंडळातल्या बायकांचे कौतुकाचे फोन येत होते आणि बाबा सांगत होते, तिला जरा बरं नाही. आणि मी? मला वाटत होतं, ही गोष्ट मला माहीत आहे! दार बंद, आत अंधार, बाहेर विनवण्या. पुढे काय करायचं असतं ते या घरात फक्त मलाच ठाऊक होतं.

सहाव्या दिवशी पहाटे बाबा शिफ्टवरून आले तेव्हा मी तयार होते. आईची नऊवारी कशीबशी गुंडाळलेली, कुंकवाचे डाग असलेलं ते सूप हातात, आणि लाडवांचं मोठं पातेलं तिच्या दारासमोर उपडं घातलेलं. हसायला देव हवेत, म्हणून मी हारुकाकूंना त्यांच्या पायरीवरून हात धरून ओढत आणलं. त्यांना म्हटलं, आई गुहेत आहे, तुम्ही फक्त हसा. त्या बिचाऱ्यांना वाटलं, पोरीचा खेळ. मी पातेल्यावर चढले. पाय आपटले. सूप डोक्यावर धरलं, पोटावर धरलं, कोंबड्यासारखी मान काढली, जीभ बाहेर, डोळे तिरळे, नऊवारी सुटून पायात आली, आणि मी पातेल्यावरून पडले आणि पुन्हा चढले. हारुकाकू तोंडावर हात ठेवून हसायला लागल्या. आणि बाबा... बाबा भिंतीला टेकून खाली घसरले आणि हसले. खो खो हसले. सहा दिवसांचं साचलेलं ते हसू सगळ्या घरात घुमलं. मला एवढा आनंद झाला! गोष्ट अगदी बरोबर चालली होती. मी दाराकडे तोंड करून ओरडले, "आई! आम्ही नव्हे, उजू मी!"

दार उघडलं.

आईच्या अंगावर शनिवारचेच कपडे होते. तिनं माझ्याकडे पाहिलं, सुपाकडे, नऊवारीकडे पाहिलं. मग बाबांकडे. "हसा," ती म्हणाली. "त्या शुक्रवारीही हसतच होतात." हारुकाकूंना शब्द कळले नाहीत, पण त्या वाकल्या आणि तशाच मागे मागे जात निघून गेल्या. आईनं विचारलं, "पासपोर्ट आला?"

बाबांनी खांद्याची बॅग उघडली. पासपोर्ट त्यात होता. "कालच आला. म्हटलं, तू जरा सावरलीस की..."

त्याच संध्याकाळच्या विमानानं आई गेली. माझी बॅग भरली नाही. "हिची शाळा सुरू झालीय," एवढंच म्हणाली. मला वाटलं, तेराव्यानंतर येईल. मग वाटलं, दिवाळीला. मग अप्पांचं दुकान बघायला कुणीतरी हवं, मामा पुण्यात नोकरीला, असं एक कारण तयार झालं आणि सगळ्या नातेवाइकांनी ते मुकाट्यानं घेतलं. आमच्याकडे नवरा-बायको वेगळे होत नाहीत, कुणीतरी दुकान बघतं. मी दर उन्हाळ्याच्या सुट्टीत संगमनेरला जायची, ती मला खाऊपिऊ घालायची, कपडे घ्यायची. रागावायची नाही. हसायचीही नाही. उजूबाई हा शब्द तिनं पुन्हा उच्चारला नाही.

कॉलेजात असताना मी ती जपानी गोष्ट पूर्ण वाचली. हारुकाकूंनी त्यातलं थोडं गाळलं होतं. मुलांना सांगताना आपण गाळतोच. सूर्यदेवीनं फटीतून विचारलं, का हसता? तर सगळ्यांनी मिळून तिला थाप मारली — तुझ्याहून तेजस्वी अशी दुसरी कोणी आली आहे म्हणून. तिच्यापुढे आरसा धरला. ती आपल्याच प्रतिबिंबाला भुलून पुढे सरकली, तशी एकानं तिला हाताला धरून बाहेर ओढलं आणि दुसऱ्यानं मागे दोर ताणला, परत आत जायचं नाही. मला ते वाचून संताप आला. एका दुखावलेल्या बाईला सगळे मिळून फसवतात आणि त्याला उजाडणं म्हणतात! पण संतापाच्या खाली एक भीतीही होती... नाचायच्या आधीचे ते चार दिवस, मंगळवार ते शुक्रवार, मीही त्या फसवणाऱ्यांतच होते. ते आईला ठाऊक नव्हतं. मीच कधी सांगितलं नव्हतं. तिला माझ्या नाचाचा राग आला आणि ती गेली, असं मी धरून चालले होते. आणि मनातल्या मनात म्हणत होते, नाचाचाच येऊ दे. दुसरं कळलं तर संपलंच.

बाबा निवृत्त होऊन पुण्याला गेले. मी लग्न करून, नोकरी धरून इथेच परत आले, आता अल वक्र्याला राहते. गेल्या उन्हाळ्यात संगमनेरला गेले तेव्हा आई दुकानात बसून एका गिऱ्हाइकाच्या घड्याळात सेल घालत होती. डोळ्याला अप्पांचं भिंग. का कोण जाणे, त्या क्षणी मला वाटलं, आता नाही तर कधीच नाही. गिऱ्हाईक गेल्यावर मी म्हटलं, "आई, मंगळवारचा तो फोन मी घेतला होता. मला माहीत होतं."

तिनं भिंग काढलं, पुसलं. "मला ठाऊक आहे," ती म्हणाली.

"बाबांनी सांगितलं?"

"त्यांनी कुठली गोष्ट सांगितलीय आजवर?" ती अगदी साध्या आवाजात बोलत होती, भाजीचा भाव सांगावा तसं. "शनिवारी मला सांगितलं तेव्हा तू शेजारीच उभी होतीस. एवढा आजोबांवर जीव तुझा, आणि रडली नाहीस. नऊ वर्षांचं पोर रडत नाही म्हणजे ते आधीच रडून मोकळं झालेलं असतं. तेव्हाच कळलं मला."

मी काहीतरी बोलायला गेले. तिनं हातानं थांबवलं. "त्यांचं मला एवढं नाही लागलं गं. ते तसेच आहेत, मी गृहीत धरलं होतं. पण फुगडी घालताना तुझे हात माझ्या हातात होते, आणि तू गप्प राहिलीस. तुझ्याकडे बघवेना मला. म्हणून तुला नेलं नाही." मग भिंग डबीत ठेवत, "तुझी चूक नव्हती, तेही कळत होतं. तरी नाही बघवलं."

बाहेर कुणीतरी पट्टा बदलायला आलं. ती उठून काउंटरशी गेली.

मला वाटायचं, खरं सांगितलं की मोकळं वाटतं. नाही वाटत. माझी मुलगी इरा आता नऊ वर्षांची झालीय. मराठी सगळं समजतं तिला, उत्तर मात्र इंग्रजीत. संध्याकाळी शाळेतून आली की मी रोज तिला समोर उभी करते आणि विचारते, "माझ्यापासून काही लपवत नाहीस ना? बाबांनी सांगितलं असेल काही, तरी मला सांगायचं हं." ती कंटाळते, डोळे फिरवते, म्हणते, "नो, आई." आणि मी तिचा चेहरा दोन्ही हातांत धरून बघत राहते, ती सुटून जाईपर्यंत. माझा तिच्यावर विश्वास बसत नाही.